सॉफ्टवेअरची वर्गणी

संगणकावर विनरार उघडलं की मधोमध एक चौकट येते. चाळीस दिवसांची चाचणीची मुदत संपली, आता परवाना विकत घ्या, असं ती सांगते. आपण कोपऱ्यातली फुली दाबतो आणि विनरार निमूटपणे आवळून ठेवलेली फाइल उलगडून देतं. उद्या पुन्हा तीच चौकट, पुन्हा तीच फुली. मागणारा आणि न देणारा, दोघंही एकमेकांना सरावलेले.

'आधी वापरा, पटलं तर पैसे द्या' ही कल्पना आज अशी केविलवाणी दिसत असली, तरी जन्माला आली तेव्हा ती बंडखोर होती. १९७६ साली वीस वर्षांच्या बिल गेट्सनं हौशी संगणकवाल्यांना खुलं पत्र लिहून बजावलं होतं, की प्रोग्रॅमच्या फुकट प्रती काढणं ही चोरी आहे. सहा वर्षांनी, १९८२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी हेच गणित उलटं मांडलं. पूर्वी वकिली केलेल्या या संपादकानं फोनच्या तारेवरून दोन संगणक जोडणारा 'पीसी-टॉक' लिहिला आणि लोकांना सांगितलं: खुशाल प्रती काढा, मित्रांना वाटा, उपयोग झाला तर २५ डॉलर पाठवा. प्रेक्षकांच्या पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक टीव्हीवरून त्यांना हे सुचलं. गेट्सला ज्याच्यात चोर दिसला, त्याच्यात फ्लूगेलमनना फुकटचा वितरक दिसला.

त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात आयबीएममध्ये नोकरी करणारे जिम नॉफ वेगळ्याच अडचणीतून तिथंच पोहोचले. चर्चच्या टपालावर पत्ते छापायला केलेला त्यांचा प्रोग्रॅम सहकाऱ्यांत पसरला. प्रत्येक सुधारणा सगळ्यांना पाठवता पाठवता खिसा रिकामा होऊ लागला, तेव्हा त्यांनी प्रोग्रॅममध्येच विनंती घातली: खर्चाला हातभार म्हणून १० डॉलर द्या. पुढे दोघांची ओळख झाली आणि नॉफ यांनीही आकडा २५ केला.

मायक्रोसॉफ्ट सोडून आलेल्या बॉब वॉलेस यांनी 'पीसी-राइट' या आपल्या लेखनाच्या प्रोग्रॅमसाठी याच कल्पनेला व्यवहाराची जोड दिली. ७५ डॉलर भरणाऱ्याला छापील पुस्तिका, फोनवर मदत आणि स्वतःचा क्रमांक असलेली प्रत मिळे. त्या प्रतीवरून दुसऱ्या कुणी पैसे भरले, तर पहिल्याला २५ डॉलर दलाली. 'शेअरवेअर' हा शब्द रूढ झाला तो याच काळात. प्रत तर फुकट मिळतच होती. पैसे पडत होते ते पुस्तिकेचे, फोन उचलणाऱ्या माणसाचे आणि पुढच्या सुधारणेचे. ही गोष्ट तेव्हा फारशी कुणाच्या मनावर ठसली नसावी.

म्हणूनच असेल, पुढच्या दशकात भरवशाची जागा कुलपानं घेतली. १९९३ च्या 'डूम' या खेळाचा पहिला भाग फुकट होता, उरलेल्या दोन भागांसाठी आधी पैसे. धंदा जोरात झाला, पण ऐच्छिकपणा संपला. फुकट भाग आता दुकानाबाहेर ठेवलेला चवीचा तुकडा होता.

दुसरीकडे पैसे न मागणाऱ्यांची परंपरा वाढत होती. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये 'विम' हा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. रिकामा विम उघडला, की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी ओळ दिसे. स्वतःच्या कष्टाचं मोल ते किबाले गावच्या मुलांकडे वळवत होते. हे थोरच, पण प्रत्येक प्रोग्रॅमरनं एवढं थोर असावं, यावर जगाचा कारभार चालत नाही.

तो चालत नाही हे एप्रिल २०१४ मध्ये उघड झालं. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या फुकट प्रोग्रॅममध्ये 'हार्टब्लीड' नावाची खोट सापडली. जगभरातल्या बँका आणि दुकानं ज्यावर विसंबून होती, त्या प्रकल्पाला वर्षाला देणगी मिळत होती सुमारे २,००० डॉलर. त्यानंतर बड्या कंपन्यांनी घाईघाईनं निधी उभा केला.

मला वाटतं, घोळ 'देणगी' या शब्दातच आहे. देणगी देणारा वर असतो आणि घेणारा खाली. शिवाय ती दिली नाही तरी चालते. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे: वर्गणी. मांडव सगळ्यांचा असतो, न देणाऱ्यालाही दर्शन मिळतं. तरी कार्यकर्ते दार वाजवतात, पावतीपुस्तक पुढे करतात, आणि शेजाऱ्यानं किती लिहिलंय ते आपण हळूच पाहतो. शेवटी जमाखर्च फलकावर लागतो. चौकातल्या मोठ्या दुकानदाराकडून मंडळ घरगुती आकडा घेत नाही.

प्रोग्रॅमर जिथं आपलं काम ठेवतात त्या गिटहबनं २०१९ मध्ये त्यांना थेट दरमहा पैसे देण्याची सोय केली, 'ओपन कलेक्टिव्ह'वर प्रकल्पांचा जमाखर्च सगळ्यांना दिसतो. म्हणजे पावतीपुस्तक आणि फलक तयार आहेत. २०२४ मध्ये बंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीनं मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मोठ्या दुकानदारानं आपणहून पावती फाडली, असं हे उदाहरण.

तुमच्या ऑफिसातून दरमहा चहाचं, विजेचं, इंटरनेटचं बिल निघतं. ज्या फुकट प्रोग्रॅमवर रोजचं काम उभं आहे, त्याच्या नावाची एक ओळ त्या यादीत घाला. आकडा लहान असला तरी चालेल, तो दरमहा जायला हवा.