सरासरी बिघडवणारी ओळ

खापरखेड्यात आमच्या गच्चीवरून रात्री वीजकेंद्राच्या चिमण्यांचे लाल दिवे दिसतात. मध्यंतरी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. दिवे छान आले, पण काळं आकाश रवाळ निघालं, कुणी वरून बारीक रवा भुरभुरल्यासारखं. तुमच्याही रात्रीच्या फोटोंत हे होत असणार. त्यातला काही दोष कॅमेऱ्याचा असतो, सगळा नसतो. प्रकाश फोटॉनच्या एकेका दाण्याने येतो. एका ठिपक्यावर सरासरी १०० दाणे पडणार असतील, तर कधी ९० पडतात, कधी ११०. सरासरी १०,००० असेल तर चढउतार १००च्या आसपास, म्हणजे फक्त एक टक्का. दिवसा रवा दिसत नाही तो यामुळे.

विजेचंही तसंच. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला ६२४ आणि त्यापुढे १६ शून्यं इतके इलेक्ट्रॉन. एवढी गर्दी असली की प्रवाह सलग वाटतो. पण १९१८ साली जर्मनीत वॉल्टर शॉटकी यांनी दाखवलं, की निर्वात नळीतून जाणारा प्रवाह सलग नसतो. इलेक्ट्रॉन आपापल्या वेळेला, एकमेकांना न विचारता उडी मारतात, आणि त्यातून खरखर निर्माण होते. जर्मनमध्ये तिच्या नावात बंदुकीचे छर्रे आहेत, इंग्रजीत ती ‘शॉट नॉइज’. आपण पत्र्यावर पडणारा पाऊस म्हणू.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. ही खरखर किती मोठी आहे ते मोजलं, की एका इलेक्ट्रॉनवर किती विद्युतभार आहे ते काढता येतं. नुसत्या सरासरी प्रवाहावरून ते कधीच कळत नाही. मोठे थोडे दाणे आणि बारीक पुष्कळ दाणे, दोन्हींची सरासरी एकच येऊ शकते. १९९७मध्ये फ्रान्स आणि इस्रायलमधल्या दोन गटांनी अशीच खरखर मोजून दाखवलं, की काही विशिष्ट परिस्थितीत भार इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश तुकड्यांनी वाहतो.

(आमच्या केंद्राची क्षमता १३४० मेगावॉट, २१०चे चार संच, ५००चा एक. पण इथला इलेक्ट्रॉन तुमच्या चार्जरपर्यंत येत नाही, तो तारेत जागच्या जागी हेलकावतो. शिवाय लांब तारेत ही खरखर जवळजवळ विरून जाते, कारण तिथे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. प्रत्येकाला एकेकट्याने उंबरठा ओलांडावा लागतो, अशा जागी ती ऐकू येते.)

हे मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी शिकलो. पेपरात लिहिलं, मार्कही मिळाले. त्याच उन्हाळ्यात एका सर्वेक्षणाचं काम घेतलं. आसपासच्या वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन विचारायचं, मागच्या महिन्यात मजुरीचे दिवस किती? बहुतेक घरं वीस, बावीस, अठरा सांगायची. आमच्याच गल्लीतल्या एका काकूंनी चार सांगितले. मला माहीत होतं की त्या रोज सकाळी डबा घेऊन निघतात. मी चार लिहिले. संध्याकाळी वरच्या माणसाने यादी पाहिली आणि म्हणाला, ही ओळ काढ, सरासरी बिघडते. मी काढली. एक बटण दाबायचं होतं.

सरासरी काढण्यात पाप आहे असं मला म्हणायचं नाही. मोबाइलचा नाइट मोडही तेच करतो: एकामागून एक फोटो घेतो, एकावर एक ठेवतो आणि रवा नाहीसा करतो. त्याशिवाय चिमणी दिसणार नाही. शिवाय सगळीच खरखर काही सांगत नसते. तारेत प्रवाह नसला तरी नुसत्या उष्णतेने एक खरखर होतच असते. तिच्यावरून तापमान कळतं, दाण्याचा आकार कळत नाही. आलेल्या प्रत्येक वेगळ्या आकड्यापुढे हात जोडून बसलो तर कुठलंच सर्वेक्षण पुरं होणार नाही. अडचण अशी, की खोडण्याआधी ही कोणती खरखर आहे ते विचारावं लागतं. मी विचारलं नाही. आणि नाइट मोडमध्ये चालता माणूस कधी कधी धुरासारखा पुसट होतो, हे सांगायचं राहिलं.

दोन महिन्यांनी काकू नळावर भेटल्या. गप्पांत मी सहज म्हटलं, तुम्ही चारच दिवस कसे सांगितले?

“मंग किती सांगू बाबू? पैसे चारच दिवसांचे भेटले होते. भेटले तेच मजुरीचे दिवस ना!”

बाकीच्यांनी कामावर गेलेले दिवस सांगितले होते. पैसे किती दिवसांचे मिळाले, हे आमच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं. म्हणजे त्या वीस-बावीसमधल्या दिवसांचं माप काय, एकेका दिवसात पैसा होता की नुसता घाम, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचा प्रश्न फसला आहे असं सांगणारी अख्ख्या यादीत एकच ओळ होती.

मी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, अहवाल गेला रे, आता काय त्याचं.

काकूंना हे सांगणं भाग होतं. त्यांनी हंडा खाली ठेवून ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे त्या कागदावर मी नाही का?”

“नाही,” मी म्हटलं.

“काहून?”

सरासरी म्हणजे काय, इथून मी सांगायला सुरुवात केली. त्यांचा हंडा भरून वाहत होता, तो त्यांनी उचलला आणि म्हणाल्या, उद्या सांग, आता कामावर जायचं हाय.