खोडलेले उत्तर

उत्तरपत्रिका तपासताना खोडलेली उत्तरे वाचायची मला एक वाईट खोड आहे. नियमाने त्यांना गुण नाहीत. तरी तांबडी पेन्सिल बाजूला ठेवून मी ती वाचतोच. आणि खोडलेलेच बरोबर निघाले की त्या रात्री जेवण गोड लागत नाही.

येव्हगेनी झवॉयस्की या रशियन शास्त्रज्ञाची हकीकत वाचली तेव्हा माझे असेच झाले. कझानच्या विद्यापीठात १९४१ साली तो आणि त्याचे सहकारी एका नाजूक प्रयोगाच्या मागे होते. अणूच्या गर्भातले कण चिमुकल्या लोहचुंबकांसारखे वागतात. मोठ्या चुंबकाच्या तावडीत धरून त्यांच्यावर रेडिओलहरी सोडल्या, तर नेमक्या एका कंपनसंख्येला ते लहरीतली शक्ती गिळतात. झोका त्याच्या लयीत ढकलला तरच उंच जातो ना, तसेच! झवॉयस्कीला ती खूण दिसली. पण आज दिसली, उद्या नाही. चुंबक बेताचे, त्याचा जोर सगळीकडे सारखा नव्हता. जे पुन्हा दाखवता येत नाही ते जाहीर कसे करायचे? त्याने ते पान मिटले. त्याच जूनमध्ये युद्ध आले आणि मंडळी पांगली.

पुढे त्याने गर्भ सोडून इलेक्ट्रॉन धरला. हा चुंबक म्हणून शेकडो पटींनी जबर. १९४४ साली, युद्ध चालू असतानाच, धातूंच्या क्षारांत खूण मिळाली, आणि आता ती मागाल तेव्हा मिळू लागली. इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा अनुनाद तो हाच. त्याची लहर सेकंदाला सुमारे १३ कोटी कंपनांची होती. चुंबक जबर तितकी लहर चपळ लागते. आज ३६ टेस्लांच्या चुंबकाला सेकंदाला १ लाख कोटी कंपनांची, म्हणजे टेराहर्ट्झची, लहर लागते. प्राचीन माणसाच्या दातांचे वय याच विद्येने काढतात.

अणुगर्भाची खूण मात्र १९४६ साली अमेरिकेतील ब्लॉख आणि पर्सेल यांनी जगापुढे ठेवली. १९५२ चे नोबेल त्यांना मिळाले. इस्पितळातले एम.आर.आय. यंत्र त्याच खुणेचे नातवंड. झवॉयस्की १९७६ साली वारला, नोबेलशिवाय.

माझे एक स्नेही म्हणतात, "भित्रा! छापून टाकायचं होतं." मला ते पटत नाही. वारकऱ्याला विठोबा दिसला तर पुरावा कोणी मागत नाही. प्रयोगशाळेतला विठोबा शेजाऱ्यालाही दिसावा लागतो. पण रात्री दिवा मालवल्यावर वाटते, 'दिसले आहे, खात्री नाही' एवढे तरी त्याने लिहायला नको होते का? दुसऱ्या कोणाकडे चांगले चुंबक असेल. आपल्या सचोटीपायी एखादे सत्य पाच वर्षे अंधारात राहिले, तर तो हिशेब कोणाच्या नावे मांडायचा?

गेल्या वर्षी एक मुलगा गणितात दोन गुणांनी गेला. खोडलेले उत्तर बरोबर होते. "का रे खोडलंस?" मी विचारले.

"सर, पुन्हा मांडून बघितलं. येईना. मग ठेवू कसं?"

गुण मी दिले नाहीत. म्हटले, "पुढच्या वेळी खोडू नकोस. कडेला 'खात्री नाही' असं लिही."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याला किती गुण, सर?"