जन्माआधी



सोनोग्राफी केंद्राबाहेरची 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी आपण सर्वांनी वाचली आहे. ज्या १९९४ च्या कायद्यामुळे ती लागली, त्याच्या नावात 'प्रीनेटल' असा शब्द आहे. तो मूळचा लॅटिन. 'प्रे' म्हणजे आधी, 'नातालिस' म्हणजे जन्माचा. आपला 'नाताळ'ही याच नातालिसपासून, पोर्तुगीजांमार्फत मराठीत आला. दवाखान्यातला प्रीनेटल आणि आपला नाताळ असे एकाच घरचे आहेत.

लॅटिनमध्ये आणखी एक शब्द आहे, 'नासितुरुस', म्हणजे जन्माला येणार असलेला. रोमन कायदा वाटणीच्या वेळी त्याला जन्मलेलाच धरी. आपल्याला लागू असलेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाही तेच सांगतो: बाप वारला तेव्हा पोटात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले, तर वारसा हक्कात भेद नाही. आणि आपल्या आयाबाया तर कायदा न वाचताच म्हणतात, ती दोन जिवांची आहे.

मग शेताच्या वाटणीत मोजला जाणारा हा दुसरा जीव तपासणीच्या टेबलावर कसा हरवतो? जिजाऊंचे सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात. तिथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ९०८ मुली होत्या, २०११ मध्ये ८५५. कायदा होता, पाट्याही होत्या.

आपल्यात असे होत नाही, असे कुणी म्हणेल. नसेलही. पण मिस्सा संपल्यावर अंगणात 'पेढे की बर्फी?' असे मीही विचारले आहे, आणि दुसरी मुलगी झाल्याचे ऐकून 'असू द्या' म्हणालो आहे. कुणी वारले होते का, सांत्वन करायला?

पवित्र मरिया एलिझाबेथकडे गेली तेव्हा तिला दिवस राहून फार काळ झाला नव्हता. तरी एलिझाबेथने तिला 'होणारी आई' म्हटले नाही, आईच म्हटले. बाळ कोण, हे तिच्या लेखी आधीच ठरले होते.

सध्या आपल्या एका घरी तिसऱ्यांदा आनंदाची बातमी आहे. पहिल्या दोघी मुली. आजीबाई दर रविवारी दाराशी थांबून सांगतात, "फादर, यंदा मुलगा मागा." मी बाळासाठी प्रार्थना करतो. हे त्यांच्या लक्षात आले आहे, आणि त्या माझ्यावर जरा नाराज आहेत.