बिलातील सत्य

वैशाखात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की, ए.सी. दुरुस्त करणाऱ्या कारागिराची आपण देवदूतासारखी वाट पाहतो. यंत्र सुरू होते, घर निवते. मग बिल हाती येते आणि मनात प्रश्न उठतो : अर्ध्या तासाच्या कामाला एवढे पैसे?

हा प्रश्न नेहमीच न्याय्य नसतो. त्या अर्ध्या तासामागे वर्षानुवर्षांचे शिक्षण, हत्यारांचा खर्च आणि उन्हातली वणवण असते. दोष चटकन सापडला म्हणून त्या कामाचे मोल घटत नाही. कौशल्याचे दाम मागणे हा लोभ नव्हे.

ग्राहकाच्या अगतिकतेचे दाम मागणे हा मात्र लोभच होय. संत थॉमस अक्विनास यांनी १३व्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात हा भेद स्पष्ट केला. देणाऱ्याचे स्वतःचे विशेष नुकसान होत नसेल, तर केवळ घेणाऱ्याची निकड मोठी म्हणून त्याने किंमत वाढवू नये, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जळगाव जिल्ह्यात केळी पिकवण्याच्या थंड खोलीतील यंत्र मध्यरात्री बंद पडले, तर व्यापाऱ्याचा सारा माल पणाला लागतो. धावून आलेल्या कारागिराने जागरणाचे पैसे अवश्य घ्यावेत. व्यापाऱ्याच्या भीतीचे घेऊ नयेत.

बिलातील ‘गॅस भरला’ ही ओळ पाहा. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणाऱ्याचे बिल बेरजेत अचूक असेल, पण सत्य नसते. ग्राहकाची नजर पोहोचत नाही, तेथेच कारागिराची सदसद्विवेकबुद्धी कसाला लागते.

कसोटी आपलीही आहे. “पावती नको, थोडे कमी करा,” असे आपणच म्हणतो. मजुराचे वेतन रात्रभरदेखील अडवू नये, अशी लेवीय ग्रंथाची आज्ञा आहे. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योजकांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६चा कायदाही सांगतो. तरीही हक्काच्या पैशांसाठी आपण कारागिराला चार खेपा घालायला लावतो. आम्ही धर्मगुरू आणि आमच्या संस्थाही याला अपवाद नाहीत.

घरात असे एखादे बिल थकले असेल, तर येत्या रविवारी वेदीपाशी अर्पण नेण्यापूर्वी ते चुकते करू या.