ओमसवाद : टोमणा ओळखावा कसा?



पंचशील ग्रहण केल्यापासून आपण रोज 'मुसावादा वेरमणी' म्हणतो. खोटे बोलू नये, हे समजायला सोपे आहे. परंतु बोलण्याचा एक प्रकार असा आहे की, त्यात शिवी नसते, खोटे म्हणून पकडता येईल असेही काही नसते, आणि तरीही रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच शब्द ऐकणाऱ्याच्या मनात फिरत राहतो. "या, या साहेब, बसा!" यात वाईट काय आहे? काहीच नाही. पण ज्याच्या बापाला त्याच ओट्यावर कोणी कधी 'बस' म्हटले नाही, त्याला चार माणसांदेखत हेल काढून 'साहेब' म्हटले, तर तो शब्द मानाचा राहत नाही. याला आपण टोमणा म्हणतो, पुस्तकी भाषेत उपरोध म्हणतात. आपल्या खानदेशात कोणी अहिराणीत म्हणतो, "मोठा साहेब व्हई गया भो!" हे कौतुक आहे की कुचेष्टा, ते नुसत्या शब्दांवरून कोणाला सांगता येईल?

नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबाला हा प्रश्न फार जवळचा आहे. भिंतीवरचे देव उतरले, बुद्धाची प्रतिमा आली, की गल्लीतली, नात्यातली आणि कचेरीतली जीभ बदलू लागते. "तुम्ही काय बुवा, आता बुद्ध झालात! आमच्या घरचा प्रसाद चालतो ना?" दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्याकडे आपली माणसे निघाली की एस.टी.त मागच्या बाकावरून कोणीतरी "चला, यात्रा निघाली" म्हणतो. आपल्यातला एखादा हे ऐकून भाबडेपणाने मान डोलावतो आणि लोक मागाहून त्याला हसतात. दुसऱ्या एखाद्याला प्रत्येक शब्दात टोमणाच ऐकू येतो, आणि जो खरोखरीच मान देतो त्याच्याशीही तो तुटून वागतो. दोघांचेही नुकसान आहे. माझ्या मते दुसऱ्याचे अधिक, कारण तो हळूहळू एकटा पडत जातो.

तथागतांच्या शासनात या विषयाचा विचार किती बारकाईने झाला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. विनयपिटकात भिक्खूंसाठी जे पाचित्तिय नियम आहेत, त्यांतला पहिला जाणूनबुजून खोटे बोलण्याविषयी आहे. आणि लगेच दुसरा आहे ओमसवादाचा. ओमसवाद म्हणजे समोरच्याला खाली पाडण्यासाठी टोचून बोलणे. छब्बग्गिय नावाने ओळखले जाणारे सहा भिक्खू व त्यांचे साथीदार सुशील भिक्खूंना हिणवीत असत, त्यावरून हा नियम झाला. कशावरून हिणवीत? जातीवरून, नावावरून, गोत्रावरून, कामावरून, कारागिरीवरून, रोगावरून, अंगाच्या ठेवणीवरून. अशी दहा कारणे तेथे मोजली आहेत. जातींत चांडाळ, निषाद, पुक्कुस ही नावे येतात; कारागिरीत बुरूड, कुंभार, विणकर, चांभार, न्हावी येतात. म्हणजे ज्यांनी घर सोडले, केस उतरविले, चीवर धारण केले, त्यांच्या जिभेवरही जात शिल्लक राहिली होती. तथागतांनी ती तशीच राहू दिली नाही.

आता मुख्य गोष्ट. ज्याला समाज हीन समजतो त्याला हीन नावाने हाक मारली तर दोष, हे कोणीही सांगेल. पण विनय तेथे थांबत नाही. हिणविण्याच्या, खजील करण्याच्या इच्छेने चांडाळ कुळातून आलेल्या भिक्खूला "तू तर क्षत्रिय आहेस, तू ब्राह्मण आहेस" असे म्हटले, तरीही तोच दोष, तितकाच दोष! कोणाला त्याच इच्छेने "तू पंडित आहेस, तू बहुश्रुत आहेस" म्हटले तरी सुटका नाही. शब्द कितीही उंच असो, बोलणाऱ्याची चेतना काय होती ते पाहिले जाईल. अडीच हजार वर्षांपूर्वी उपरोधाची इतकी स्वच्छ व्याख्या करून तो नियमात बसविला गेला, याचा मला तरी मोठा आदर वाटतो.

याहून आडवळणाचे बोलणेही त्या नियमातून निसटलेले नाही. कोणाचे नाव न घेता "येथे काही काही चांडाळही आहेत" असे हवेत बोलणे, किंवा "आम्ही काही पंडित नाही, शहाणे नाही" असे बोलून दुसऱ्याला टोचणे, यांनाही दोष सांगितला आहे, फक्त तो दुक्कट म्हणून थोडा हलका आहे. "आम्ही आपले अडाणी, तुमच्यासारखे शिकलेले थोडेच!" हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे? केवळ थट्टेखातर बोललेल्या शब्दाला 'दुब्भासित' एवढेच म्हटले आहे. हिणविण्याचा हेतू नव्हता हे मान्य, तरी बोलणे वाईटच. आणि जो समजावण्यासाठी, धम्म सांगण्यासाठी, शिकविण्यासाठी कठोर बोलतो, त्याला मुळीच दोष नाही.

मग चेतना ओळखावी कशी? ती काही कपाळावर लिहिलेली नसते. मज्झिम निकायातील ककचूपम सुत्तात तथागतांनी लोकांच्या बोलण्याच्या पाच जोड्या सांगितल्या आहेत : वेळेवरचे की अवेळी, खरे की खोटे, मृदू की कठोर, हिताचे की अहिताचे, मैत्रीच्या चित्ताने की मनात द्वेष ठेवून. टोमण्याची गंमत अशी की त्यात मृदू शब्द आणि द्वेषाचे चित्त एकत्र आलेले असतात. ही फट जेथे दिसते तेथे टोमणा असतो. मराठीत ती दिसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. काल 'तू' म्हणणारा आज अचानक 'आपण' म्हणू लागतो. शब्द प्रसंगाहून मोठा असतो, साधी सायकल घेतली तर "वा, काय थाट!" होतो. 'म्हणे', 'बुवा', 'हो' हे बिचारे लहान शब्द नको तेथे येऊन बसतात : "हा म्हणे वकील होणार!" बोलणारा पाहतो आपल्याकडे नाही, तर शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याकडे, कारण खरा श्रोता तोच असतो. आपल्या भाषेने 'शहाणा' या चांगल्या शब्दाचे दीडशहाणा आणि अतिशहाणा करून काय हाल केले आहेत, ते पाहिले तरी पुरे.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. पिढ्यान्‌पिढ्या 'तू' म्हणणाऱ्या जिभेला 'तुम्ही' म्हणणे प्रथम जड जाते, आणि जड गेलेला शब्द कानाला खोटा लागतो. ती माणसे टोमणा मारीत नसतात, नवे बोलणे शिकत असतात. तसेच लहान मुलांना उलट बोलणे कळत नाही. पाच-सहा वर्षांपर्यंतचे मूल "वा, फारच छान केलेस" हे शब्दशः खरे धरते. काही मोठ्या माणसांनाही स्वभावतः किंवा मेंदूच्या आजारामुळे उपरोध ओळखता येत नाही. त्यांना भोळसट म्हणून हसणे हा पुन्हा ओमसवादच.

शब्दाने निकाल लागत नसेल तर वर्तन पाहावे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून परमपूज्य बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे लाइनवरच्या एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. आपल्या लोकांनी स्टेशनवर हार घातले, आणि मग तासभर टांगा येईना. शेवटी आला तो आपल्याच एका नवख्या माणसाने हाकलेला, आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेब खाली फेकले गेले. पायाचे हाड मोडले. मागाहून विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला : टांगेवाला टांगा द्यायला तयार होता, पण अस्पृश्याला घेऊन स्वतः टांगा हाकायला तयार नव्हता! कोणी कोणाला शिवी दिली नाही. टांगा भाड्याने देण्यात तर सौजन्यच दिसले असते. अपमान हाकण्याच्या जागेत होता. आणि तो कळला, कारण बाबासाहेबांनी विचारले.

हेच आपणही करावे. टोमण्याला टोमणा देऊ नये, शांतपणे विचारावे, "भाऊ, म्हणजे तुम्हाला काय म्हणायचे आहे?" टोमणा मारणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते ते सरळ शब्दांत अर्थ सांगणे. बहुतेक "काही नाही, सहज म्हटले" म्हणतात, आणि त्यांचा तिसरा श्रोता दुसरीकडे पाहू लागतो. ज्याच्या मनात खरोखर काही नव्हते तो मोकळेपणाने सांगतो, आणि आपलाही गैरसमज फिटतो. "सरकारचे जावई" म्हणणाऱ्यालाही माहिती द्यावी की, धर्मांतर केल्यावर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना १९९० पर्यंत नव्हत्या. १९५६ साली दीक्षा घेणाऱ्यांनी धम्मासाठी त्यांवर पाणी सोडले होते. असा जावई कोणी पाहिला आहे काय? आणि लोकांसमक्ष जातीवरून मुद्दाम अपमान केला जात असेल, तर तो टोमणा म्हणून गिळायचा विषय नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि तोही विनयाप्रमाणे अपमानाचा हेतूच पाहतो.

कोणी म्हणेल, तथागत तर क्षमा शिकवितात. राजगृहाच्या वेळुवनात अक्कोसक भारद्वाज शिव्या देत आला होता. का? त्याच्या गोत्रातला एक ब्राह्मण तथागतांकडे प्रव्रजित झाला म्हणून. धर्मांतरावरून नातलगांचा संताप तेव्हाही होता! तथागतांनी त्याला विचारले, पाहुण्यांनी तू वाढलेले घेतले नाही तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तसेच हे तुझे तुलाच, असे तथागत म्हणाले. पण नीट पाहा : ताटात काय आहे हे ओळखल्याशिवाय ते नाकारता येत नाही. ज्याला टोमणा कळलाच नाही त्याने तो नाकारला नाही, नकळत पोटात घातला.

तथागतांच्या वाणीत उपहास नव्हता असेही नाही. तेविज्ज सुत्तात न पाहिलेल्या सुंदरीवर प्रेम करणाऱ्याची आणि कोठे बांधायचा ते ठाऊक नसलेल्या महालासाठी शिडी करणाऱ्याची उपमा वाचून हसू येते. बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत'मधील अग्रलेखही मऊ नव्हते. पण तेथे प्रहार खोट्या समजुतीवर आणि सत्तेवर आहे. ज्याला आधीच दाबले आहे त्याला आणखी दाबण्यासाठी ती भाषा नव्हती.

आता आपल्या घरात येऊ. बाहेरचा टोमणा ओळखणारे आपण घरात काय बोलतो? 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण मराठी घरांतूनच निघाली आहे. दुसऱ्या गावाहून आलेल्या सुनेला वंदना पाठ नसली, की सासू आपल्या मुलीला म्हणते, "तू तरी म्हण ग, काहींना जमत नाही." हे 'येथे काही काही आहेत' या जातीचेच बोलणे झाले. नापास झालेल्या मुलाला बाप म्हणतो, "या बॅरिस्टर!"

ओमसवादाचा नियम करताना तथागतांनी एका बैलाची कथा सांगितली. तक्षशिलेच्या ब्राह्मणाचा नंदिविसाल नावाचा बैल होता. शंभर भरलेल्या गाड्या एकटा ओढील म्हणून ब्राह्मणाने एक हजाराची पैज लावली, आणि ऐन वेळी ओरडला, "ओढ, लबाडा!" बैल जागचा हलला नाही. पैज गेली. घरी डोके धरून बसलेल्या ब्राह्मणाला बैल म्हणाला, "तुझ्या घरी मी कधी मडके फोडले? कोणाला चेंगरले? मग लबाड का म्हणालास? आता दोन हजारांची पैज लाव आणि मला लबाड म्हणू नकोस." दुसऱ्या दिवशी ब्राह्मणाने पाठीवर हात फिरवून त्याला 'भल्या' म्हटले, आणि शंभर गाड्या हलल्या. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग देणाऱ्या आपल्या धुळे, साक्री, शिंदखेड्याच्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. यंदाच्या वर्षावासात ती घरात वाचावी, आणि वाचताना तो नापास झालेला मुलगा जवळ बसलेला असावा.