आठवण कुणाच्या मालकीची?

माऊली, आपल्या घरात पलटणीतून निवृत्त होऊन आलेले कोणी वडीलधारे असतील, तर हा अनुभव तुम्हांलाही असेल. पेन्शनीविषयी ते बोलतील, बेळगावच्या थंडीविषयी बोलतील, लंगरातल्या डाळीविषयी तर रंगून बोलतील. पण लढाईचे नाव काढले की उठतील आणि गुरांना पाणी दाखवायला जातील. आपण तिथेच बसून राहतो, आणि खरे सांगायचे तर मनात थोडा राग येतो. आपल्याच घरचे माणूस आपल्यापासून काय लपवते?

आमचे गाव मालवण तालुक्यात, कालावल खाडीच्या काठी. आमच्या भागातले किती तरी मुलगे आंबोलीचा घाट चढून बेळगावला गेले आणि मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. माझे वडील त्यांतलेच. १९७१ च्या डिसेंबरात ते पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, पूर्व आघाडीवर होते. जमालपूरची लढाई आता पुस्तकांतून आली आहे. ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राकाठचे ते गाव बलुच पलटणीने धरून ठेवले होते. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र धाडले. पलीकडच्या कर्नल सुलतान यांनी उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण ढाक्याच्या दिशेने निसटू लागली, तेव्हा वाट अडवून मराठे बसले होते. ११ तारखेला जमालपूर पडले, १६ ला ढाका.

हे सारे मी पुस्तकात वाचले तेव्हा माझे वय तीस होते. ज्या घरात जन्मलो त्या घरात यातला एक शब्दही ऐकला नव्हता. पुस्तक घेऊन वडिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, नकाशा पाहिला, पान मिटले आणि म्हणाले, "बरां लिवलां हा." बस.

त्यानंतर मी एक चूक केली. एका शाळेत २६ जानेवारीच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावणे आले. ते नको म्हणत होते, मीच भरीस घातले. शाल-श्रीफळ झाले. मग मुलांना प्रश्न विचारायला सांगितले, आणि पहिल्याच मुलाने विचारले, "तुम्ही किती जणांना मारलं?" मुलाचा दोष नाही, आम्हा मोठ्यांच्या मनात तरी दुसरे काय असते? वडील माईकसमोर उभे राहिले. तिथल्या एका म्हातारीने पलटणीला कुरमुरे आणून दिले, एवढे सांगून खाली बसले. परतताना एसटीत मी त्यांना म्हटले, "मुलांना थोडं सांगायचं होतंत." ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी मी त्यांच्यावर रागावलो होतो हे लिहिताना आज लाज वाटते.

आपण ज्ञानेश्वरीचे पारायण करतो. अर्जुनाचा विषाद ऐकतो, अठराव्या अध्यायात त्याचा मोह गेलेला ऐकतो, आरती करतो, पोथी बांधून ठेवतो. पण ध्यानात घ्या, आपली पोथी पहिला बाण सुटण्याआधीच संपते. पुढचे अठरा दिवस पारायणात येत नाहीत, आणि त्यापुढची छत्तीस वर्षे तर नाहीतच. महाभारतात युद्ध सांगतो कोण? संजय. त्याच्या हातून कुणाचा जीव घेतला गेल्याचे आपण ऐकत नाही. आंधळ्या राजासमोर बसून तो बाणांचे वर्णन करतो. भीष्म शरपंजरी पडून युधिष्ठिराला राजधर्म, मोक्षधर्म, किती जुन्या कथा सांगतात, पण दहा दिवस आपण कसे लढलो हे सांगत बसत नाहीत. आणि अर्जुन? युद्ध संपल्यावर एके दिवशी तो भगवंताला म्हणतो की रणांगणात तू जे सांगितलेस ते मी विसरलो, पुन्हा सांग. अनुगीतेचा आरंभ तिथून आहे. त्याच्या त्या विसरण्याला आपण कीर्तनात हसतो. मला आता हसू येत नाही. गीतेचा बोध विसरलेल्या त्या माणसाला कर्णाच्या रथाचे चाक मात्र विसरता आले असेल का?

तरीही मौनाला नुसता नमस्कार करून मोकळे होता येत नाही. मौनाची किंमत घरातली माणसे देतात. डिसेंबर आला की वडील आत न झोपता ओटीवर झोपत. लहानपणी मला वाटे, ते आईवर चिडले आहेत. आईलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. शिवाय जे गेले त्यांचे काय? पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगावी दगडी पाट्या लावल्या, कोकणातही लावल्या. या गावातून इतके पुरुष लढाईला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यांवर कोरलेले असते. बहुतेक पाट्यांवर नाव एकाचेही नाही. परत आलेले बोलले नाहीत, आता विचारावे तर कुणाला? तेव्हा 'नसेल सांगायचे तर राहू दे' हे वाक्य दिसते तितके सोपे नाही. त्यात कुणाचे तरी नाव पुसले जाते.

या दोन बाजूंत मी बरीच वर्षे अडकलो होतो. मग आई वारली, आणि दिवसांना खाडीपलीकडच्या गावातली एक बाई भेटायला आली. तिचा थोरला भाऊ वडिलांच्याच पलटणीत होता, तो त्याच डिसेंबरात गेला. वडील दर वर्षी एक नारळ आणि साखरेची पुडी घेऊन त्या घरी जात. लहानपणी मीही सोबत जाई आणि खळ्यात खेळत बसे. ती बाई म्हणाली, "तुझे बाबा आमच्या आवशीक सगळां सांगीत. दर वर्षी. तीच गोष्ट. ती परत परत इचारी, ते परत परत सांगीत."

म्हणजे वडील मुके नव्हते. मी अंगणात गोट्या खेळत होतो तेव्हा आत ते बोलत होते. जिचे जे होते ते तिला पोचते करत होते. राहिलेले आमचे नव्हते, म्हणून आम्हांला दिले नाही.

गीतेच्या शेवटी भगवंत सांगतात की ज्याला ऐकण्याची इच्छा नाही त्याला हे सांगू नये. आपल्या संतांनी जातीचा, कुळाचा, विद्येचा सारा अधिकार बाजूला सारला आणि वाळवंटात सर्वांना एका रांगेत बसवले. पण ऐकण्याची तळमळ ही एक अट त्यांनीही काढली नाही. श्रवणाला भक्तीत पहिले स्थान आहे ते उगीच नाही. त्या माऊलीला आपल्या मुलाचे शेवटचे ऐकायचे होते. मला काय ऐकायचे होते? शाळेत सांगता येईल असे काहीतरी.

पलटणीतून आल्यावर वडिलांनी माळ घातली. मालवणच्या किनाऱ्यावर माळ घालणे म्हणजे काय, ते घाटावरच्या वाचकाला सहज कळायचे नाही. सोमवार आणि एकादशी सोडली तर आमच्या चुलीवर रोज मासळी. घरात सुरमई आली की ते डाळभात घेऊन पडवीत बसत. लोक चेष्टा करत. जमालपूरचा आणि माळेचा संबंध मी जोडतो आहे, त्यांनी कधी जोडला नाही. तेव्हा तोही सोडून देतो.

२०२३ च्या ४ डिसेंबरला तारकर्लीला नौदल दिन झाला. माझी मुलगी तो पाहून आली ती भारावूनच. जहाजे, विमाने, तोफा, सगळे आल्या आल्या आबांना सांगितले. मला धास्ती, की आता ती तोच प्रश्न विचारणार. पण तिने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती तरी शाळा बुडवून ती त्यांच्याबरोबर पेंढ्याची उडवी रचायला गेली. ती खालून पेंढ्या देत होती, ते रचत होते. मी बांधावर होतो. मध्येच ते थांबले, हातातल्या पेंढीकडे बघितले आणि म्हणाले, "थंयसर पण असोच पेंढो होतो. सकाळी बघलंय तर त्येच्यार माणसां होती. निजल्यासारखी."

ती वर बघत राहिली. थोड्या वेळाने तिने पुढची पेंढी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.