काठावरचा दोर

धैर्य हा सद्गुण सर्व धर्मांनी व सर्व संस्कृतींनी वंदनीय मानला आहे. सीमेवर लढणारा सैनिक, आगीच्या लोळात शिरणारा अग्निशामक दलाचा जवान, साथीच्या रोगात रुग्णाजवळ बसून राहणारी परिचारिका यांच्यापुढे आपली मान आदराने लवते. परंतु ज्याला कोणाचा जीव वाचवायचा नाही, पोटासाठीही काही मिळवायचे नाही, असा मनुष्य केवळ खेळ म्हणून आपले प्राण पणाला लावतो, तेव्हा त्याच्या कृतीला काय म्हणावे? ते धैर्य की निव्वळ अविचार? परमेश्वराने दिलेल्या जीवनाशी असा खेळ करण्याचा अधिकार माणसाला आहे काय? मुसळधार पावसानंतर अरुंद, खडकाळ ओढ्यांतून कयाक हाकणाऱ्यांच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

कयाक म्हणजे एका माणसापुरती, वरून झाकलेली निमुळती होडी. बसणारा कमरेपर्यंत तिच्यात घट्ट बसलेला असतो व त्याच्या हातात दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे असते. होडी उलटली तर डोके पाण्याखाली असतानाच कमरेच्या व वल्ह्याच्या झटक्याने ती पुन्हा सुलटी करावी लागते. केरळात कोझिकोड जिल्ह्यातील कोडंचेरीच्या परिसरात, आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील डोंगरांतून उतरणाऱ्या चालिप्पुळा व इरुवंजिप्पुळा या नद्यांवर २०१३ पासून पावसाळ्यात या खेळाचा महोत्सव भरत आला आहे. देशोदेशीचे कयाकपटू तेथे येतात. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेवर तराफ्यांचा खेळ चालतो, परंतु तेथील पाणी धरणातून मोजून सोडलेले असते. मलबारच्या या डोंगरनद्यांना असा कोणी राखणदार नाही. तेथे पाणी आभाळातून येते आणि आभाळ कोणाला विचारून बरसत नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकाला पावसाळी ओढ्याचे हे रूप परके नाही. डोंगर उभा, माथा खडकाळ आणि पाणी साठवून धरणारी माती थोडी. त्यामुळे वर सर कोसळली की पाहता पाहता खालचे पाणी चढते आणि पाऊस थांबला की तितक्याच लवकर उतरते. सकाळचा ओढा दुपारी दुसराच होऊन बसतो. एरवी खडकाच्या आडोशाला पाणी उलटे वळून थबकते. तेथे कयाकपटू होडी लावतो, दम घेतो, पुढची वाट न्याहाळतो. पाणी चढले की विसाव्याच्या या जागा बुडून जातात. पायरीवरून कोसळणारे पाणी तळाशी उलटे फिरू लागते व त्यात सापडलेल्या वस्तूला घुसळत जागच्या जागी धरून ठेवते. उन्मळून आलेले झाड वाटेत आडवे पडते. त्याच्या फांद्यांतून पाणी निसटते, माणूस मात्र अडकतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे गणित तर कोणाच्याही हिमतीकडे पाहून बदलत नाही.

या खेळातील जाणत्यांना हे सारे ठाऊक असते, हे मान्य केले पाहिजे. प्रवाहांची काठिण्यानुसार एक ते सहा अशी प्रतवारी त्यांनी केली आहे. सहावी प्रत म्हणजे जेथे चुकीला क्षमा नाही आणि बचावाची आशाही जवळजवळ नाही. पाणी चढले की तोच ओढा वरच्या प्रतीत जातो, हेही ते जाणतात. कठीण जागा आली की होडीतून उतरावे, काठाने चालत जाऊन ती डोळ्यांनी पाहावी, साथीदाराला दोर देऊन योग्य ठिकाणी उभे करावे आणि मन साशंक असेल तर होडी खांद्यावर घेऊन ती जागा पायी ओलांडावी, अशी त्यांची रीत आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ धबधब्याच्या पाण्यात उभे असलेल्या एकाच कुटुंबातील पाच जणांना अचानक आलेल्या लोंढ्याने ओढून नेले. वर पडणाऱ्या पावसाचा खालच्या पाण्याशी काय संबंध, हे त्या अभाग्यांना ठाऊक नसावे. अजाणतेपणी ओढवलेल्या अशा संकटाला आपण दुर्दैव म्हणतो. पण जाणून, मोजून पत्करलेल्या धोक्याचे काय? ज्ञानाने जबाबदारी कमी होत नाही, उलट ती वाढते.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आपल्या कानांवर नेहमी येतात. पहिले असे की, जीव ही देवाची ठेव आहे, तेव्हा असले खेळ म्हणजे पापच. हे उत्तर धार्मिक वाटते खरे, परंतु ते पुरेसे नाही. ठेव जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची कानउघाडणी प्रभूने आपल्या दाखल्यात केली आहे, हे आपण विसरतो. डोंगर चढणे, समुद्रात पोहणे, अनोळखी वाट धुंडाळणे यांतून माणसाला स्वतःची ताकद कळते तशी मर्यादाही कळते. गर्जणाऱ्या पाण्यासमोर उभे राहताना सृष्टीच्या विराटपणाची जी जाणीव होते, तिला क्षुल्लक म्हणणे योग्य नव्हे. दुसरे उत्तर याच्या उलट आहे. जीव माझा आहे, मी त्याचे काहीही करीन, त्यात इतरांचे काय जाते? हे उत्तर आजच्या काळाला फार आवडते. पण त्या काठावर दोर धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले की ते टिकत नाही.

तो दोर कशासाठी असतो? होडी उलटून माणूस वाहत आला, तर त्याच्याकडे फेकण्यासाठी. दोर पोहोचला नाही तर तो फेकणारा काठावर स्वस्थ उभा राहील काय? तो पाण्यात उतरेल. म्हणजे वल्हे मारणाऱ्याने स्वतःच्या जिवाबरोबर मित्राचाही जीव, त्याला पुरते न विचारता, त्या पाण्यावर ठेवलेला असतो. शिवाय घरी वाट पाहणारी माणसे आहेतच. ऑक्टोबर १९९८ मध्ये तिबेटमधील यार्लुंग त्सांगपोवर, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहात, डग गॉर्डन हा अनुभवी अमेरिकन कयाकपटू असाच नाहीसा झाला. ती ओढा नव्हे, महानदी होती. पण कारण तेच होते. त्या वर्षीच्या अतिवृष्टीने पाणी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक होते. हे लोक अविचारी नव्हते. अनेक जागा त्यांनी होड्या वाहून नेत टाळल्या होत्या. तरीही एका कोसळत्या धारेने त्याला नेले आणि त्याचा देह कधीच सापडला नाही. साथीदारांनी मोहीम तेथेच थांबवली. त्याच्या मागे पत्नी व दोन मुलगे राहिले. त्याला दोषी ठरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण ‘माझा जीव’ या शब्दांत किती जणांचे जीव गुंतलेले असतात, हे त्या रिकाम्या काठावर साऱ्यांना कळले असेल.

मग निवाडा कोणत्या मापाने करावा? येथे संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हांला मार्गदर्शक वाटतो. त्यांच्या मते धैर्य केवळ भीतीला आवर घालत नाही, ते अतिसाहसालाही आवर घालते. आणि धैर्याचे मुख्य कार्य चाल करून जाणे हे नसून संकटात स्थिर राहणे हे आहे. हा विचार ओढ्याच्या काठी नेऊन पाहावा. प्रेक्षक जमले आहेत, कॅमेरे रोखलेले आहेत, आधीचे दोघे सुखरूप पार झाले आहेत. अशा वेळी ‘आजचे पाणी माझ्यासाठी नाही’ असे म्हणून होडी खांद्यावर घेणारा, निसरड्या दगडांवरून, जळवा अंगावर घेत मुकाट्याने खाली चालत जाणारा मनुष्य भित्रा म्हणावा काय? त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण त्या क्षणी तो खरोखर स्वतंत्र असतो. ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याने धारेत घेतलेली उडी ही त्याची उरत नाही. ती गर्दीची असते, अहंकाराची असते.

याच केरळात ऑगस्ट २०१८ च्या महापुरात समुद्रकाठचे मच्छिमार बांधव आपल्या होड्या ट्रकांवर चढवून बुडालेल्या गावांत गेले आणि त्यांनी हजारोंना बाहेर काढले. त्यांत ख्रिस्ती होते, मुसलमान होते, हिंदू होते. होडीत चढता न येणाऱ्या स्त्रियांसाठी एकाने पाण्यात ओणवे होऊन आपल्या पाठीची पायरी केली. पुढे ३० जुलै २०२४ च्या पहाटे वेल्लरीमलाच्या उतारावरून, वायनाडच्या बाजूला, दरड कोसळली आणि मुंडक्कई, चूरलमला या वस्त्यांतील दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांनी कोणताही धोका निवडला नव्हता. ती आपल्या घरांत झोपलेली होती. जो पाऊस कयाकपटूची वाट उघडतो, तोच शेजारच्या खोऱ्यात घरे पुसून टाकतो. हे ज्याच्या ध्यानात आहे, त्याला पाण्याशी खेळतानाही पाण्याचा माज चढणार नाही. आणि खेळात कमावलेले कसब कधीतरी दुसऱ्याच्या हाकेला धावून जाण्यासाठीही आहे, हे तो विसरणार नाही.

मंदिराच्या शिखरावर उभे करून, ‘येथून उडी टाक’ असा मोह प्रभू येशूला घालण्यात आला, तेव्हा त्याने ती उडी नाकारली. तोच प्रभू पुढे गेथशेमानीच्या बागेत मात्र मागे हटला नाही. देह तोच, जीव तोच. एका ठिकाणी त्याने तो जपला, दुसऱ्या ठिकाणी वाहिला. जीव जपावा केव्हा आणि पणाला लावावा केव्हा, याचा विवेक म्हणजेच धैर्य, असे आम्हांला वाटते. आमच्या तरुणांनी खेळू नये, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी अवश्य खेळावे, पाणी वाचायला शिकावे, वल्हे मारायला शिकावे. परंतु प्रवाहात होडी लोटण्यापूर्वी एकदा काठावर दोर धरून उभ्या असलेल्या मित्राच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि होडी खांद्यावर घेण्याची ताकद आपल्या अंगी आहे ना, हे आधी स्वतःला विचारावे.